बारा महिने टूरिंग कॅरव्हॅनमध्ये: ब्रिटनमध्ये घर सोडण्याआधी

टूरिंग कॅरव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची खोली. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, संडास, शॉवर, सगळं साधारण साडेपाच मीटर बाय सव्वादोन मीटरच्या जागेत. सुट्टीसाठी ती फार सोयीची. तिच्यात वर्षभर बिऱ्हाड थाटायचं म्हटलं की मात्र हिशेब बदलतो. घरात नळ उघडला की पाणी येतं, फ्लश दाबला की मैला जातो, थर्मोस्टॅट फिरवला की खोली गरम होते आणि दारावरच्या नंबरामुळे आपल्याला पत्ता मिळतो. कॅरव्हॅनमध्ये या चारही गोष्टी आपल्या हाताने जमवाव्या लागतात. पत्तासुद्धा.

ब्रिटनमधल्या वाढत्या घरभाड्याला कंटाळून हा विचार करणारी मराठी मंडळीही आहेत. त्यांच्यासाठी आणि एकूणच घर सोडून कॅरव्हॅनमध्ये जायचं मनात असलेल्यांसाठी ही माहिती. बेत फसण्याची दोन मोठी कारणं म्हणजे उभं राहायची जागा आणि ओल. म्हणून या दोन विषयांवर जास्त लिहिलं आहे.

आधी जागा, मग कॅरव्हॅन

बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. कॅरव्हॅन घेतात आणि मग पिच, म्हणजे साइटवर ती उभी करायची जागा, शोधायला लागतात.

जमिनीवर कॅरव्हॅन उभी करून लोकांना राहू द्यायचं, तर जमीनमालकाला सहसा नियोजन परवानगी लागते आणि १९६० च्या कॅरव्हॅन साइट कायद्याखाली परवाना लागतो. ती जागा सुट्टीसाठी आहे की कायम वस्तीसाठी, हे परवानगीच्या आणि परवान्याच्या अटींवर ठरतं. टूरिंग साइट जवळजवळ सगळ्या सुट्टीसाठीच्या. तिथे ‘मुख्य निवास म्हणून वापरायचं नाही’ ही अट असते आणि मुख्य घर दुसरीकडे असल्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल मागितलं जाऊ शकतं. कॅरव्हॅनवाल्यांच्या मोठ्या क्लबांच्या साइटवर सलग मुक्कामाला बहुधा २१ रात्रींची मर्यादा असते. शेतकऱ्यांच्या जमिनीवर क्लबच्या प्रमाणपत्रावर चालणाऱ्या छोट्या साइट असतात. तिथे एका वेळी पाचच कॅरव्हॅन उभ्या राहू शकतात आणि मुक्काम २८ दिवसांपर्यंत. शांत आणि स्वस्त, पण कित्येक ठिकाणी फक्त पाण्याचा नळ आणि मैला ओतायची जागा, वीज नाही.

‘साइट अकरा महिने उघडी आहे’ याचा अर्थ ‘अकरा महिने राहता येईल’ असा होत नाही. उघडी असणं वेगळं आणि तिथे घर करायची परवानगी वेगळी. मालकाच्या तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नका. प्रत्येक कौन्सिलला आपल्या हद्दीतल्या साइट परवान्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. कौन्सिलला साइटचं नाव आणि पिनकोड कळवा, परवान्याच्या अटी मागा आणि वाचूनच पैसे भरा. परवान्याबाहेर राहत असाल आणि कोणी तक्रार केली, तर हलावं तुम्हालाच लागतं. १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याचं संरक्षण कायम वस्तीच्या परवानाधारक जागेवर करार करून राहणाऱ्यांना मिळतं. सुट्टीच्या पिचवर राहणाऱ्याला ते नाही.

मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या ड्राइव्हवेवर कॅरव्हॅन ठेवायला सहसा अडचण येत नाही (घराच्या कागदपत्रांत मनाई नसेल तर). त्याच घराचा भाग म्हणून तिचा वापर झाला, जेवणखाण-आंघोळ घरात आणि झोपणं बाहेर, तरी बहुधा चालतं. स्वतंत्र बिऱ्हाड म्हणून तिथे राहायला मात्र नियोजन परवानगी लागते. रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये किंवा कार पार्कमध्ये रात्र काढणं हा वर्षभराचा तोडगा नाही.

व्यवहारात दोनच रस्ते उरतात. एक, दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदलत फिरत राहायचं. दुसरा, टूरिंग कॅरव्हॅनला कायम वस्तीची परवानगी असलेली विरळा जागा शोधायची. पहिल्या रस्त्यात खरी कसोटी नोव्हेंबर ते मार्च या काळात लागते, कारण तेव्हा पुष्कळ साइट बंद असतात. बारमाही साइटची यादी काढून त्या पाच महिन्यांचं बुकिंग सप्टेंबरच्या आत करून ठेवा. प्रत्येक मुक्कामाची तारीख, मैला ओतायची सोय, विजेचे अँपिअर आणि कठीण जमिनीचं पिच आहे का, एवढं एका तक्त्यात लिहा. हिवाळ्यात गवतावरच्या पिचवरून चिखलातून दीड टन ओढून काढणं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला जमत नाही.

पत्त्याचं काय

ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला आणि कळवलं नाही, तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बँक, गाडीचा विमा, नोकरी, सगळीकडे पत्ता लागतो. भरवशाच्या नातेवाइकाचा पत्ता टपालासाठी वापरायचा असेल, तर गाडीच्या विमा कंपनीला गाडी रात्री प्रत्यक्षात कुठे उभी असते हे वेगळं आणि लेखी सांगा. दावा करायच्या वेळी नेमकी हीच गोष्ट अंगाशी येते.

इंग्लंडमध्ये जीपीकडे (भागातल्या डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर तात्पुरता पेशंट म्हणूनही नोंदणी होते. नियमित औषधं चालू असतील, तर एकच जीपी कायम ठेवून प्रिस्क्रिप्शन जवळच्या फार्मसीत ऑनलाइन पाठवून घेणं सोपं. ब्रिटनमध्ये राहायचा हक्क असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदार नोंदणी करता येते. पक्का पत्ता नसणाऱ्यांसाठी ‘स्थानिक संबंधाचं निवेदन’ हा वेगळा फॉर्म असतो.

व्हिसावर असाल, तर जास्त जपा. ई-व्हिसाच्या खात्यातला पत्ता अद्ययावत ठेवावा लागतो आणि विद्यार्थी असाल, तर विद्यापीठाकडचाही. जोडीदाराच्या व्हिसासाठी पुरेशी आणि गर्दी नसलेली राहण्याची जागा दाखवावी लागते. फिरत्या कॅरव्हॅनवर हे पटवणं अवघड, म्हणून तो अर्ज समोर असताना घर सोडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलं शाळेत जाणारी असतील, तरी तेच. सरकारी शाळेतला प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो.

लायसन्स आणि वजन

१६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याआधीची वेगळी परीक्षा गेली. भारतीय लायसन्सवर तिथे पहिले १२ महिनेच छोटी गाडी चालवता येते, पुढे ब्रिटिश परीक्षा द्यावी लागते. कॅरव्हॅन ओढायची तर ब्रिटिश लायसन्स हातात आल्यावरच. साध्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल, तर जादा आरसे लावावेच लागतात.

दाराजवळच्या पाटीवर एमटीपीएलएम हा आकडा असतो. भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन याच्यावर जाता कामा नये. दुसरा आकडा मायरो, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या तयार कॅरव्हॅनचं वजन. दोन्हींतला फरक हे आपलं सामान. एमटीपीएलएम १,५०० आणि मायरो १,३५० असेल, तर हातात १५० किलो आले. त्यातून मोटर मूव्हर, म्हणजे गाडीशिवाय कॅरव्हॅन हलवायची मोटर, ३० ते ३५ किलो (तो कारखान्यात बसवलेला नसेल तर), बॅटरी २० ते २५, ऑनिंग, म्हणजे कॅरव्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू, २० ते २५. उरले सत्तरेक किलो. त्यात दोन माणसांचे वर्षभराचे कपडे, पुस्तकं, भांडी, १० किलो तांदूळ, ५ किलो कणीक, कुकर. बसत नाही. सुट्टीवाल्यांना १५० किलो पुरतात, घर सोडलेल्यांना पुरत नाहीत. म्हणून खरेदी करताना पलंग कसा आहे यापेक्षा हा फरक आधी बघा. काही मॉडेलमध्ये उत्पादक कागदावर एमटीपीएलएम वाढवून देतो, तेही विचारा. सामान भरल्यावर सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या.

भरताना जड सामान जमिनीलगत आणि चाकांच्या आसाजवळ, हलकं वरच्या कप्प्यांत. टोकावरचं वजन, म्हणजे टोबॉलवर (गाडीच्या मागच्या, कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) पडणारा भार, कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. मात्र गाडीच्या टोबारची मर्यादा (सहसा ७५ ते १०० किलो) कमी असेल, तर तीच पाळायची. मागच्या पलंगाखाली धान्याचे डबे ठेवले की टोक हलकं होतं आणि कॅरव्हॅन मोटरवेवर नागासारखी वळवळायला लागते. तसं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवून झगडू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या.

ओल

घरातली ओल भिंतीवर दिसते आणि रंगवून झाकता येते. कॅरव्हॅनची भिंत जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर जाड. बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबर, मध्ये फोम, जुन्या कॅरव्हॅनमध्ये लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लायवूड. ओल आत शिरली की पट्ट्या कुजतात आणि बाहेरून काही कळत नाही.

ओलीचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिली गळतीची. ऑनिंगच्या रेलचे सांधे, खिडक्यांची रबरं, छतावरची झडप, पुढचे-मागचे कोपरे, या ठिकाणचं सीलंट काही वर्षांनी कडक होऊन तडकतं. विकत घेताना ओलमापक घेऊनच जा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर गळती शोधायची, ३० च्या वर आतलं लाकूड गेलं असं समजून किंमत ठरवायची किंवा परत फिरायचं. मोजायचं ते पलंगाखालच्या पेट्यांत, वरच्या कप्प्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, खिडकीच्या खाली आणि गॅसच्या कप्प्याशेजारी. खिडकीखाली अंगठ्याने दाबून पाहा. प्लायवूड पावासारखं दबलं, तर यंत्राची गरज नाही.

दुसरी ओल आपण स्वतः तयार करतो. हिचं गणित एकदा मांडून पाहावंच. कॅरव्हॅनमध्ये साधारण २४ घनमीटर हवा असते. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. म्हणजे सगळी हवा मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. दोन माणसं रात्रभर झोपली, की श्वासातून आणि घामातून अर्धा ते एक लिटर पाणी बाहेर टाकतात. ते हवेत मावतच नाही. मग ते खिडकीवर, गादीच्या खालच्या बाजूला आणि कपड्यांच्या कप्प्यात मागच्या थंड भिंतीवर जाऊन बसतं. ७० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये हवा सातपट असते, म्हणून तिथे हे लक्षात येत नाही.

त्यात गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. भिंतीतल्या हीटरची चिमणी बाहेर असते, त्यामुळे त्याचं पाणी बाहेर जातं. शेगडीचं मात्र सगळं आत राहतं. दीड किलोवॉटचा बर्नर तासभर चालला, तर पातेल्यातून निघालेली वाफ सोडून नुसत्या ज्योतीतून १८० मिलिलिटरच्या आसपास पाणी. म्हणून शेगडी पेटवून खोली गरम करणं दुहेरी चूक: ओल वाढते आणि कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

काय करायचं:

१. जमिनीतल्या आणि छतातल्या कायम उघड्या जाळ्या कधीही झाकू नका, कितीही गार वारा येवो. जमिनीतली जाळी गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठीही असते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो.

२. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या घाला. सकाळी गादी भिंतीपासून ओढून अर्धा तास उभी करा.

३. कप्पे ठासून भरू नका. मागच्या भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा, दिवसा कप्प्यांची दारं किलकिली ठेवा.

४. सकाळी खिडक्या पुसा आणि तो कपडा बाहेर पिळा. आत वाळत घातला, तर तेच पाणी परत हवेत.

५. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घ्याल तो डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचा. कॉम्प्रेसरवाला १५ अंशांच्या खाली ढेपाळतो. डेसिकंट ३०० ते ६५० वॉट खातो, पण थंडीतही चालतो आणि थोडी ऊबही देतो.

६. धुतलेले कपडे आत वाळवायचे नाहीत. साइटच्या लाँड्रीतला ड्रायर पैसे घेतो, पण कुजलेल्या भिंतीपेक्षा स्वस्त पडतो.

कॅरव्हॅनच्या आतली जमीनही तपासा. फोमच्या दोन्ही बाजूंना प्लाय चिकटवलेली असते. दारापाशी आणि ओट्यासमोर रोज तीच पावलं पडून ती सुटते. चालताना मऊ लागतं, करकर आवाज येतो. वेळेत लक्ष दिलं, तर भोकं पाडून रेझिन भरून दुरुस्त करता येतं. सुट्टीला महिनाभर वापरली जाणारी जमीन आणि बारा महिने वापरली जाणारी जमीन यांच्या आयुष्यात फार फरक पडतो. म्हणूनच अनेक उत्पादकांच्या वॉरंटीत आणि साध्या कॅरव्हॅन विम्यात कायम वास्तव्य वगळलेलं असतं. ‘पूर्णवेळ राहण्यासाठी’ असा शब्द असलेली पॉलिसी मागा आणि अटीतलं कुलूप, व्हील क्लॅम्प खरोखर लावा.

ऊब: गॅस आणि वीज

ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास बाटलीत द्रवच राहतो, त्याचा गॅस होत नाही. थंडीच्या रात्री हीटर बंद पडतो तो यामुळे. वर्षभर राहणाऱ्याने प्रोपेनच वापरावा, तो उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. ६ किलोच्या दोन बाटल्या आणि एक संपली की आपोआप दुसरीवर जाणारा रेग्युलेटर, ही जोडी पहाटे तीन वाजता पाना घेऊन बाहेर जाणं वाचवते. बाटलीपासून रेग्युलेटरपर्यंतची नळी बाटलीकडे उतरती हवी, नाहीतर गॅसमधला तेलकट अंश रेग्युलेटरमध्ये जाऊन तो तुंबतो. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती पाहून बदला.

चार किलोवॉटचा ब्लोअर हीटर पूर्ण जोरात तासाला ३२० ग्रॅमपर्यंत गॅस खातो. म्हणजे ६ किलोची बाटली जेमतेम १९ तास. अर्ध्या जोरात दुप्पट. एवढ्यावरून थंडीतल्या आठवड्याला किती बाटल्या लागतील याचा अंदाज येतो आणि विजेचं पिच का परवडतं हेही कळतं.

विजेला मर्यादा आहे. १० अँपिअरचं पिच म्हणजे २,३०० वॉट, ६ अँपिअरचं म्हणजे १,३८० वॉटच. घरातली ३ किलोवॉटची किटली लावली की पिचचा ब्रेकर पडतो आणि काही साइटवर तो वॉर्डनच उघडून चढवू शकतो. १,००० वॉटच्या आतली किटली घ्या. ८०० वॉटचा मायक्रोवेव्ह आउटलेटमधून १,२०० च्या आसपास ओढतो. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हीटरचा विजेचा भाग १ किलोवॉटवर ठेवून एका वेळी एकच दुसरी वस्तू, ही सवय लावून घ्या. नारिंगी २५ मीटरची केबल गुंडाळीतून पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली राहिली तर हिवाळ्यातल्या सततच्या भाराने तापून वितळते. आरसीडीचं (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण प्रत्येक नव्या जागी दाबून पाहा.

कॅरव्हॅन घेताना तिचा उष्णतारोधनाचा दर्जा विचारा. युरोपीय मानकात तीन पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीची कॅरव्हॅन बाहेर उणे १५ असताना आत २० अंश राखू शकते. वर्षभरासाठी हीच घ्यायची. तरीसुद्धा तिच्या भिंतीतून नव्या घराच्या भिंतीच्या चार-पाचपट उष्णता जाऊ शकते. 

पाणी, मैला आणि स्वयंपाक

ब्रिटनमधल्या घरात माणशी रोज साधारण १४० लिटर पाणी वापरलं जातं. कॅरव्हॅनच्या बाहेर ४० लिटरचा लोळवत आणायचा पिंप असतो, तो दोघांत एक दिवस जातो. रोजचा फेरा नळापर्यंत. गरम पाण्याची टाकी सहसा १० लिटरची. ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की आंघोळीजोगं १७ लिटर होतं, म्हणजे बरोबर एक बादली. बादलीने आंघोळ करायची सवय असलेल्या माणसाला हे जड जात नाही. शॉवरखाली उभं राहून विचार करणाऱ्याला जातं. साबण लावताना नळ बंद.

संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साचायची काढता येणारी टाकी, १७-१८ लिटरची. कागद वापरणाऱ्या दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. आपल्यासारखं पाण्याने धुणाऱ्यांना रोज, फार तर दीड दिवसाआड रिकामी करावी लागते, हे धरून साइटवर मैला ओतायच्या जागेजवळचं पिच मागा. ओतताना हवेचं बटण दाबून धरा म्हणजे गचके मारत अंगावर उडत नाही. दोनदा विसळा, मग दोन लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने औषध. घरातलं ब्लीच घालू नका, रबरी सील खराब होऊन गळायला लागतं. सीलला महिन्यातून एकदा सिलिकॉनचं वंगण लावा.

सिंकच्या पाइपला बऱ्याच कॅरव्हॅनमध्ये पाण्याचा सापळा नसतो, म्हणून सांडपाण्याचा वास वर येतो. बूच लावून ठेवा. पाइप नालीदार असतो आणि तूप, भाजीवरचा तवंग थंडीत त्याच्या वळ्यांमध्ये गोठतो. ताट-कढई आधी कागदाने पुसून मगच धुवा.

मराठी स्वयंपाकाच्या तीन खास अडचणी. फोडणीचा धूर गाद्यांच्या कापडात मुरतो आणि जात नाही: छताची झडप पूर्ण आणि शेगडीजवळची खिडकी चार बोटं उघडून मगच मोहरी टाका. कुकर वापराच, त्याने गॅस निम्म्याने वाचू शकतो. पण शिट्टीची वाफ सगळी आत येते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी मंद करा. आणि हळद: फिकट प्लॅस्टिकच्या सिंकवर आणि ओट्यावर डाग कायमचे बसतात, लाकडी पाट ठेवूनच काम करा. स्वयंपाक बंद ऑनिंगमध्ये हलवायचा मोह होतो. तिथे हवा खेळत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका तोच. सूचक यंत्र आत हवंच, त्याचं बटण आठवड्याला दाबायचं. फायर ब्लँकेट दारापाशी, शेगडीच्या वर नाही.

उणे चार अंशांची रात्र

अंदाज आला की दुपारीच कामाला लागा. पिंप भरा, दोन मोठी पातेली आणि किटली आत भरून ठेवा. पिंपाला थर्मल जाकीट घाला आणि खाली फोमचा तुकडा ठेवून जमिनीपासून उचला. झोपण्याआधी पंप बंद करून नळी पिंपातून काढा, नळ उघडून नळीतलं पाणी सोडा आणि नळी आत घ्या. सांडपाण्याची टाकी रिकामी करून झाकण न लावता ठेवा. पाइपला एकसारखा उतार द्या, मध्ये झोळ राहिला तर तिथेच बर्फ धरतो आणि सकाळी सिंक तुंबतं.

हीटर बंद करून झोपू नका, १० ते १२ अंशांवर चालू ठेवा. आतलं तापमान उतरलं, तर काही बॉयलरची गोठणरोधक झडप ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडते आणि टाकीतलं सगळं पाणी खाली सोडून देते. ती बिघडलेली नसते. ७ अंशांच्या वर तापमान गेल्याशिवाय ती बंदही होत नाही. म्हणून सकाळी आधी खोली गरम करायची, मग झडप बंद करून टाकी भरायची. गॅसची बाटली हलवून किती शिल्लक आहे ते संध्याकाळीच बघा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे पाइपांना ऊब मिळते.

पैसे

रात्रीला २५ पौंड धरले, तर वर्षाचे ९,१२५, म्हणजे महिन्याला ७६०. लंडनबाहेरच्या बऱ्याच छोट्या गावांत एवढ्या भाड्यात एका बेडरूमचा फ्लॅट मिळतो. वर गॅस, कधी मीटरची वीज (दिवसाला १० तास २ किलोवॉट हीटर म्हणजे २० युनिट, ३० पेन्सने ६ पौंड), विमा, वर्षाची तपासणी, गाडीचं वाढलेलं पेट्रोल. टायर दर पाच वर्षांनी, फार तर सात, झिजले नसले तरी बदलायचे. कॅरव्हॅनची किंमत दरवर्षी उतरते. कौन्सिल टॅक्स बहुधा वाचतो, पण एखादं पिच तुमचं मुख्य निवास ठरलं, तर तोही लागू होऊ शकतो. बचत खरी होते ती स्वस्त छोट्या साइटवर राहणाऱ्यांची आणि उन्हाळ्यात.

घर सोडण्याआधीची परीक्षा

जानेवारी किंवा फेब्रुवारीत सलग १४ रात्री भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये राहा. जुलैमध्ये नाही. घराचं भाडं चालू ठेवूनच. रोजचं काम त्याच टेबलावर करा, रोजचाच स्वयंपाक करा, एकदा पाऊस चालू असताना जागा बदला. एका वहीत रोज पाच आकडे लिहा: किती गॅस गेला, किती युनिट वीज, किती पिंप पाणी, कॅसेट किती वेळा ओतली आणि सकाळी सात वाजता आतली आर्द्रता किती टक्के. आर्द्रतामापक फार महाग नसतो. पलंगाच्या डोक्याशी ठेवा. जाळ्या उघड्या आणि हीटर चालू असूनही सकाळचा आकडा सातत्याने ७० च्या वर राहत असेल, तर त्या मॉडेलमध्ये दोघांनी वर्षभर राहू नये. दुसरं मॉडेल भाड्याने घेऊन पुन्हा १४ रात्री काढा आणि त्यानंतरच घरमालकाला नोटीस द्या.